गिलेस्पी काउंटीतील ऐतिहासिक फलक आणि स्थानिक वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासच्या डोंगराळ मध्यभागातील गिलेस्पी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राज्याची राजधानी ऑस्टिनपासून सुमारे ८० मैलांवर आणि सॅन अँटोनिओपासून सुमारे ७० मैलांवर आहे. वसंतात ब्लूबॉनेटची फुले पाहायला आणि उन्हाळ्यात पीच आणायला तिकडे जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. रस्त्याकडेचे फलक वाचून त्यांना पडलेले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रस्त्याकडेला दिसणारे हे ऐतिहासिक फलक नेमके कोण लावते?

अधिकृत फलक टेक्सास हिस्टॉरिकल कमिशन या राज्य सरकारच्या संस्थेचे असतात. ही संस्था १९५३ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि १९७३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. राज्यातील २५४ काउंट्यांमध्ये मिळून १६,००० पेक्षा जास्त फलक आहेत. मात्र कोणत्या विषयावर फलक लावायचा, हे बहुतेक वेळा ऑस्टिनमधले अधिकारी सुचवत नाहीत. तो विषय स्थानिक माणसेच पुढे आणतात आणि फलकाचा खर्चही तीच उचलतात.

दोहोंच्या मधला दुवा म्हणजे प्रत्येक काउंटीची ऐतिहासिक समिती. तिचे सदस्य कमिशनर्स कोर्ट नेमते. नावात कोर्ट असले तरी हे न्यायालय नसून काउंटीचा कारभार पाहणारे निवडून आलेले मंडळ आहे. नेमणुका विषम सालाच्या जानेवारीत दोन वर्षांसाठी होतात आणि समितीचे काम स्वयंसेवक करतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन काउंट्यांपैकी एकीत फलकांची रेलचेल आणि दुसरीत शुकशुकाट दिसला, तर पहिलीत इतिहास जास्त घडला असे समजू नये. तिथे कागद जमवून अर्ज करणारी माणसे जास्त होती, एवढाच त्याचा अर्थ असतो.

२. टेक्सासच्या मध्यभागी इतकी जर्मन नावे कशी? थोडक्यात इतिहास सांगाल का?

१८४२ मध्ये जर्मनीतील काही सरदार-उमरावांनी टेक्सासमध्ये वसाहती उभारण्यासाठी एक मंडळ काढले. ते आडेल्सफेराइन या नावाने ओळखले जाते. त्या मंडळाची पहिली वसाहत १८४५ मधील न्यू ब्रॉनफेल्स आणि दुसरी १८४६ मधील फ्रेडरिक्सबर्ग. ८ मे १८४६ रोजी पहिल्या गाड्यांचा तांडा फ्रेडरिक्सबर्गच्या जागी पोहोचला. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक याच्यावरून गावाचे नाव ठेवले गेले. वसाहतीचा कारभारी होता जॉन मॉयझेबाख. जर्मनीतील आपली सरदारकीची पदवी सोडून त्याने टेक्सासमध्ये हे साधे नाव घेतले होते.

काउंटीची स्थापना १८४८ मध्ये झाली. मेक्सिकोबरोबरच्या युद्धात १८४६ मध्ये मॉन्तेरेच्या लढाईत मारला गेलेला रॉबर्ट गिलेस्पी याचे नाव तिला मिळाले. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २६,७२५ होती. त्यातले साधारण ११,००० लोक फ्रेडरिक्सबर्गमध्ये राहतात आणि बाकीचे हजार चौरस मैलांहून मोठ्या मुलखात विखुरलेले आहेत.

३. काही फलक दगडी आहेत, काही धातूचे, काही इमारतीच्या भिंतीवर. यात फरक काय?

करड्या ग्रॅनाइटवर ब्राँझचा तारा बसवलेले दगड १९३६ चे आहेत. टेक्सासच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने राज्यभर साधारण अकराशे स्मारके आणि फलक उभारण्यात आले. महामंदीच्या काळात तेवढाच लोकांच्या हाताला कामही मिळाले. आजची पद्धत १९६२ पासूनची आहे आणि आताचे फलक ॲल्युमिनियमचे ओतीव असतात.

या ओतीव फलकांचे तीन प्रकार ओळखता यायला हवेत. विषय-फलक व्यक्ती, घटना, संस्था किंवा नाहीशा झालेल्या गावाबद्दल असतो आणि तो फक्त माहिती देतो. दुसरा प्रकार राज्याने नोंदवलेल्या ऐतिहासिक वास्तूचा असून त्यासोबत टेक्सासच्या नकाशाची आकृती असलेले गोल पदक भिंतीवर लावलेले दिसते. तिसरा ऐतिहासिक दफनभूमीचा असतो. हे प्रकार दिसायला सारखे असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. त्याचे उत्तर प्रश्न ७ मध्ये दिले आहे.

४. फलकाच्या तळाशी एक साल असते. ते घटनेचे साल आहे का?

नाही, ते फलकाचे साल असते आणि बहुतेक लोक नेमके तेच वाचायचे सोडून देतात. आमच्या मते वाचनाची सुरुवात तिथूनच करावी. १९३६ च्या दगडावर बहुधा सैनिक, रेंजर (टेक्सासच्या सशस्त्र दलाचे लोक) आणि पहिले वसाहतवाले भेटतात. तिथे मूळ रहिवासी आले तर ते हल्लेखोर म्हणूनच येतात. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या शताब्दीमुळे कॉन्फेडरेट, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या, बाजूच्या विषयांना भर आला. अलीकडच्या फलकांवर शाळा, स्त्रियांच्या संस्था, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या वस्त्या दिसू लागतात. फलक १८५० बद्दल बोलत असला तरी त्यावरची भाषा आणि त्यातली निवड तळाशी लिहिलेल्या सालाची असते. नव्या फलकांवर त्याच भागात ‘हा फलक टेक्सास राज्याची मालमत्ता आहे’ अशा अर्थाची ओळही असते. तिचे महत्त्व प्रश्न १५ मध्ये कळेल.

५. फलकावरचा मजकूर कोण लिहितो? अर्ज करणाऱ्यालाच लिहिता येतो का?

येत नाही. अर्जदाराने तळटीपांसह संशोधनपर टिपण द्यायचे असते. त्यात विषयाची पार्श्वभूमी, त्याचा इतिहास, त्याचे महत्त्व आणि पुरावे, असे सगळे यावे लागते. त्यावरून फलकाचा मजकूर कमिशनचे कर्मचारी तयार करतात आणि तो अर्जदाराला पाहायला मिळतो. कित्येक पानांच्या टिपणाचा शेवटी एक परिच्छेद उरतो. त्यामुळे फलकावर न मावलेल्या बऱ्याच गोष्टी मूळ टिपणात सापडतात, आणि ही टिपणे कमिशनच्या दफ्तरात जपलेली असतात. एखाद्या विषयात खरेच रस असेल तर फलकाचा फोटो काढून न थांबता त्याचे टिपण मागवावे. त्यातल्या तळटीपा कधी कधी मजकुरापेक्षा अधिक बोलक्या असतात.

६. नवा फलक लावायचा असेल तर विषय किती जुना लागतो आणि काय करावे लागते?

साधारण नियम ५० वर्षांचा आहे. ऐतिहासिक घटनेला ३० वर्षे झाली असतील तरी चालते, आणि व्यक्तीच्या मृत्यूला निदान १० वर्षे झालेली असावी लागतात. वास्तूचे पदक हवे असेल तर इमारत ५० वर्षांची असून भागत नाही. तिचे मूळ रूप बऱ्यापैकी टिकलेले असावे लागते आणि ती अलीकडे जागेवरून हलवलेली नसावी लागते.

अर्ज थेट ऑस्टिनला पाठवता येत नाही. तो आधी काउंटीच्या समितीकडे जातो, तिथे तपासला जातो आणि मग पुढे पाठवला जातो. अर्जासोबत १०० डॉलर शुल्क असते. विषय मंजूर झाला की फलकाच्या आकारानुसार ओतकामाचा खर्च पुरस्कर्त्याने भरायचा असतो. जागामालकाची लेखी संमती लागते आणि राज्य महामार्गाच्या कडेला लावायचा असेल तर वाहतूक विभागाचीही परवानगी लागते. अर्ज वर्षातून ठरावीक मुदतीतच घेतले जातात. त्या मुदतीच्या बऱ्याच आधी समितीच्या बैठकीला जाऊन बसणे उत्तम, कारण विषय आधीच कुणी घेतला आहे का, हे तिथेच कळते.

७. फलक लागला म्हणजे ती इमारत कायद्याने सुरक्षित झाली का?

भारतात पुरातत्त्व खात्याचा निळा फलक पाहायची सवय असलेल्या वाचकांचा येथे हमखास गैरसमज होतो. आपल्याकडे तो फलक म्हणजे १९५८ च्या कायद्याचा इशारा असतो. स्मारकाला हात लावणे हा गुन्हा ठरतो आणि भोवतीच्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी असते. टेक्सासच्या विषय-फलकाला असे कोणतेही संरक्षण नाही. ज्या घराबद्दल फलक आहे ते घर मालक उद्या पाडू शकतो आणि फलक तसाच उभा राहू शकतो.

नोंदवलेल्या वास्तूचे पदक असेल तर स्थिती थोडी वेगळी असते. बाह्यरूपात बदल करण्यापूर्वी किंवा इमारत पाडण्यापूर्वी मालकाने कमिशनला निदान ६० दिवस आधी कळवावे लागते. कमिशन ही मुदत माफ करू शकते किंवा आणखी जास्तीत जास्त ३० दिवसांनी वाढवू शकते. त्यानंतर मालक काम करायला मोकळा असतो. फक्त सूचना दिल्यापासून १८० दिवसांच्या आत काम सुरू झाले नाही तर ती सूचना रद्द समजली जाते. म्हणजे कायदा समजूत घालायला वेळ देतो, इमारत पाडणे थांबवत नाही. खरा अंकुश असतो तो शहराच्या स्वतःच्या वारसा-नियमांचा. फ्रेडरिक्सबर्गच्या जुन्या भागात असे नियम आहेत आणि दर्शनी भागातील बदल शहराच्या मंडळापुढे न्यावे लागतात.

८. मग ‘नॅशनल रजिस्टर’ हा काय प्रकार आहे?

ती केंद्र सरकारची यादी असून ती १९६६ च्या कायद्याने सुरू झाली. फ्रेडरिक्सबर्गचा ऐतिहासिक भाग १९७० पासून तिच्यात आहे. केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या प्रकल्पात, उदाहरणार्थ महामार्ग रुंद करताना, या नोंदीचा विचार करावाच लागतो. पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने केलेल्या कामावर तिचे बंधन नसते. एकाच इमारतीवर राज्याचे पदक आणि केंद्राची पाटी अशी दोन्ही असू शकतात. एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप मिळत नाही.

९. मुख्य रस्त्यावरची आठ कोनांची इमारत, फेराइन्स किर्शे, मूळची आहे का?

मूळची नाही, ती प्रतिकृती आहे. पहिली इमारत १८४७ मध्ये उभी राहिली. ती सर्व पंथांचे प्रार्थनास्थळ, शाळा, सभागृह आणि वेळ पडल्यास आसरा अशी सगळी कामे करीत असे. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘कॉफीची चक्की’ म्हणत. पुढे प्रत्येक पंथाने आपापले चर्च बांधले, ती इमारत मोडकळीस आली, आणि गावाने १८९६ मध्ये पन्नाशी साजरी केल्यावर ती पाडली गेली. आजची प्रतिकृती १९३० च्या दशकात बांधली गेली. ती मूळ जागेवरही नाही. पहिली इमारत भर रस्त्यात उभी होती आणि आजची बाजूच्या बाजारचौकात आहे. तरी ती पाहावी. आता त्या प्रतिकृतीचेच वय मूळ इमारतीच्या वयापेक्षा कितीतरी जास्त झाले आहे, त्यामुळे तिला नक्कल म्हणून हिणवणे आम्हाला पटत नाही.

तिथून चालताना आडव्या रस्त्यांची नावे क्रमाने पाहावीत. पूर्वेकडे ॲडम्स, लॅनो, लिंकन, वॉशिंग्टन असे जाताना इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ऑल वेलकम’ तयार होते आणि पश्चिमेकडे क्रॉकेट, ऑरेंज, मायलम या रांगेतून ‘कम बॅक’. मुलांना हे कोडे घातले की दुपार बरी जाते.

१०. ‘कधीही न मोडलेला करार’ असे कोमांची या मूळ रहिवासी जमातीबरोबरच्या कराराबद्दल म्हणतात. हे खरे आहे का?

करार खरा आहे आणि तो असाधारणही आहे. मात्र ‘कधीही न मोडलेला’ हे वाक्य जपून वाचावे. मॉयझेबाखने १८४७ च्या मार्चच्या सुरुवातीला सॅन साबा नदीकाठी कोमांची प्रमुखांशी बोलणी केली आणि ९ मे १८४७ रोजी फ्रेडरिक्सबर्गमध्ये करारावर सह्या झाल्या. त्याच्या तांबूस दाढीमुळे कोमांची त्याला ‘एल सोल कोलोरादो’, म्हणजे लाल सूर्य, म्हणत. वसाहतवाल्यांनी कोमांची मुलखात निर्धास्त फिरावे, कोमांचींनी वसाहतीत निर्धास्त यावे, जमिनीची मोजणी होऊ द्यावी आणि त्याबदल्यात त्यांना भेटवस्तू मिळाव्यात, असा त्याचा गाभा होता. हा करार सरकारने केलेला नव्हता. एका खासगी वसाहत-मंडळाने तो केला होता, आणि त्याचे वेगळेपण त्यातच आहे.

सह्या करणाऱ्या दोन्ही बाजूंनी बराच काळ शब्द पाळला, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु कोमांचींच्या इतर गटांना तो बांधील नव्हता आणि पुढच्या दशकांत या भागात हल्ले झालेच. शिवाय मोजणीला दिलेल्या संमतीने शेवटी लाभ कोणाचा झाला, हे आजच्या नकाशावर कोमांचींचे गाव शोधून पाहिले की कळते. करार मोडण्याची गरजच पडली नाही, कारण १८७५ पर्यंत कोमांचींना टेक्सासबाहेरच्या राखीव प्रदेशात ढकलून झाले होते. बाजारचौकात मॉयझेबाख आणि कोमांची प्रमुख यांच्या शांतिभेटीचे शिल्प आहे. ते पाहताना ही दुसरी बाजू ध्यानात असू द्यावी.

११. एन्चँटेड रॉकवर कॅप्टन हेजच्या पराक्रमाचा फलक आहे. त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

एन्चँटेड रॉक हा गुलाबी ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट आहे. पायथ्यापासून त्याची उंची ४२५ फूट आणि समुद्रसपाटीपासून १,८२५ फूट आहे. तो गिलेस्पी आणि लॅनो काउंटींच्या सीमेवर येतो. १९३६ चा फलक सांगतो की १८४१ च्या शरद ऋतूत जॉन कॉफी हेज आपल्या तुकडीपासून तुटून कोमांचींच्या वेढ्यात सापडला आणि त्याने शिखरावरून एकट्याने त्यांना परतवले. हेज हा खराखुरा आणि नामांकित रेंजर होता. पण या चकमकीचे वर्णन मुख्यतः नंतरच्या कथनांतून आले आहे आणि ती नेमकी याच खडकावर झाली का, याबद्दल इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत.

फलकाने न सांगितलेली गोष्ट अधिक मोठी आहे. हा खडक टोंकावा, अपाची आणि कोमांची लोकांना पवित्र होता, आणि तिथल्या मानवी वावराच्या हजारो वर्षांच्या खुणांमुळे १९८४ मध्ये तो पुरातत्त्वीय क्षेत्र म्हणून नॅशनल रजिस्टरमध्ये गेला. दिवसभर तापलेला ग्रॅनाइट रात्री निवताना कुरकुरतो. त्या आवाजांच्या कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. हा भाग १९७८ पासून राज्य उद्यान आहे. सुट्टीच्या दिवशी आधी आरक्षण केले नसेल तर फाटकावरूनच परतावे लागते.

१२. यादवी युद्धात टेक्सास कॉन्फेडरेट बाजूला होता. मग शेजारच्या कम्फर्ट गावात संघराज्याशी निष्ठा सांगणारे स्मारक कसे?

१८६१ मध्ये संघराज्यातून फुटण्याच्या प्रश्नावर टेक्सासने कौल दिला, तेव्हा गिलेस्पी काउंटीतील सुमारे ९६ टक्के मते फुटण्याच्या विरोधात पडली. हा इथल्या इतिहासातला सर्वात विलक्षण आकडा आहे, आणि दुकानांच्या रांगांतून फिरणाऱ्या पर्यटकाला तो सहसा कळतही नाही. पुढे सक्तीची सैन्यभरती आणि मार्शल लॉ आला. ऑगस्ट १८६२ मध्ये साठाहून अधिक जर्मन तरुण मेक्सिकोकडे निघाले. १० ऑगस्टला पहाटे न्यूएसेस नदीकाठच्या तळावर कॉन्फेडरेट तुकडीने त्यांना गाठले. एकोणीस जण लढताना पडले आणि जखमी होऊन हाती लागलेल्या नऊ जणांना नंतर गोळ्या घातल्या गेल्या.

मृतदेह तसेच उघड्यावर राहिले. युद्ध संपल्यावर नातेवाइकांनी अस्थी गोळा करून कम्फर्टला आणल्या आणि १० ऑगस्ट १८६६ रोजी ‘ट्रॉये डेर उनिओन’ या नावाचे चुनखडीचे स्मारक उभे राहिले. नावाचा अर्थ संघराज्याशी निष्ठा. त्यावर मृतांची नावे कोरलेली असून मजकूर जर्मन आहे, आणि शेजारी छत्तीस तारे असलेला त्या काळचा ध्वज अर्ध्यावर उतरवलेला असतो. कम्फर्ट केंडल काउंटीत येते आणि लढाईची जागा दूर किनी काउंटीत आहे. मृतांपैकी अनेक जण मात्र गिलेस्पी आणि भोवतीच्या मुलखातले होते. म्हणून एका काउंटीपुरती फलकांची यादी घेऊन फिरणाऱ्याला ही गोष्ट अर्धीच सापडते.

१३. जॉन्सन रँच, जुन्या शाळा आणि ती इवलीशी ‘संडे हाऊस’ यांपैकी वेळ कमी असल्यास काय पाहावे?

वेळ कमी असेल तर शाळा पाहाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. काउंटीत एका-दोन खोल्यांच्या ग्रामीण शाळांच्या अनेक इमारती टिकून आहेत. माजी विद्यार्थी आणि गावकरी त्यांची देखभाल करतात, आणि त्यांपैकी कित्येक नॅशनल रजिस्टरमध्ये आहेत. चुनखडीच्या भिंती, पत्र्याचे छप्पर आणि शेजारी मंडपासारखी उघडी शेड, असे साधारण रूप असते. आतून पाहायला मिळेलच असे नाही, पण बाहेरूनही गावजीवनाचा अंदाज येतो.

संडे हाऊस ही फ्रेडरिक्सबर्गची खासियत आहे. लांबच्या शेतांवर राहणारी कुटुंबे शनिवारी बाजार आणि रविवारी चर्च एका फेरीत उरकता यावे म्हणून गावात छोटे घर बांधत. खाली एक-दोन खोल्या, वर मुलांना झोपायला माळा आणि माळ्यावर जाणारा जिना बऱ्याचदा बाहेरून, अशी ही रचना असते. १९०४ चे वेबर कुटुंबाचे घर पायोनियर म्युझियममध्ये पाहता येते.

अमेरिकेचे अध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी स्टोनवॉलजवळ झाला. त्यांची रँच आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. ते लहानपणी ज्या जंक्शन स्कूलमध्ये जात, तिथेच ११ एप्रिल १९६५ रोजी त्यांनी आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून शालेय शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर सही केली. मराठी वाचकांसाठी आणखी एक धागा आहे. देशवार कोटा रद्द करणाऱ्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यावर ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्क बंदरातील लिबर्टी बेटावर सही करणारे अध्यक्ष हेच. आज हायवे २९० वरून त्या रँचकडे वळणाऱ्या कितीतरी भारतीय कुटुंबांचा अमेरिकेतला मुक्काम त्या सहीपाशी सुरू होतो.

१४. फलक आहे तिथेच घटना घडली, असे समजावे का?

समजू नये. फलक बऱ्याचदा गाडी सुरक्षित थांबवता येईल अशा जागी लावलेला असतो आणि प्रत्यक्ष जागा मैलभर आत, कुणाच्या तरी कुरणात असते. ‘येथून दोन मैल ईशान्येस’ अशा अर्थाचे शब्द मजकुरात शोधावेत. टोकाचे उदाहरण पश्चिम टेक्सासच्या प्रेसिडिओ काउंटीत आहे. जानेवारी १९१८ मध्ये पोर्वेनिर वस्तीतील मेक्सिकन वंशाच्या १५ पुरुष आणि मुलग्यांना रेंजर आणि त्यांच्या साथीदारांनी ठार केले. त्याचा फलक स्थानिक वाद होऊन २०१८ मध्ये लागला, तो हायवे ९० च्या कडेला. मूळ जागा तिथून कित्येक मैल दूर, रिओ ग्रांदेच्या काठी आहे.

कधी कधी मागे काहीच उरलेले नसते. फ्रेडरिक्सबर्गजवळ पेडर्नालेस नदीकाठी लायमन वाइट याच्या मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेला एक धर्मपंथ) अनुयायांनी १८४७ मध्ये झोडिॲक नावाचे गाव वसवले होते. त्यांच्या गिरणीने नव्या जर्मन वसाहतीला मोठा हात दिला. पुराने गिरणी गेली आणि १८५१ मध्ये गाव उठले. अशा ठिकाणी पाहण्यासारखे काही शोधू नये.

१५. जुन्या वस्तूंच्या दुकानात असा एक फलक विकायला ठेवलेला दिसला. घेतला तर चालेल का?

घेऊ नये. अधिकृत फलक राज्याची मालमत्ता असतो आणि तो खासगी व्यक्तीला विकता येत नाही. रस्ता रुंद करताना काढून ठेवलेले, गाडीची धडक बसून पडलेले किंवा भंगारासाठी चोरलेले फलक पुढे असे बाहेर येतात. १९३६ च्या दगडांवरचे ब्राँझचे तारेही टेक्सासभर अनेक ठिकाणी गायब झाले आहेत. फोटो आणि दुकानाचा पत्ता काउंटीच्या समितीला किंवा कमिशनला कळवावा. आपल्या जमिनीवर असलेला फलक नको झाला तरी मालकाने तो स्वतः उपटू नये, कारण हलवायलाही कमिशनची संमती लागते. एखादा फलक आता कुठे असायला हवा, हे कमिशनच्या ‘टेक्सास हिस्टॉरिक साइट्स ॲटलास’ या ऑनलाइन नोंदवहीत मजकूर आणि जागेसह शोधता येते.

१६. फलकावरची माहिती चुकीची आहे, असे पुराव्यानिशी वाटते. दुरुस्त होते का?

फलकाच्या फेरतपासणीचा अर्ज कोणालाही करता येतो. नाव, तारीख किंवा विधान चूक असल्याचे कागदोपत्री दाखवावे लागते. ‘हा सूर मला आवडत नाही’ एवढे कारण पुरत नाही. चूक मान्य झाली तर नवा फलक ओतता येतो किंवा मूळ फलकाला जोडफलक देता येतो. १९३६ च्या दगडांबाबत आम्हाला जोडफलकाचा मार्ग जास्त योग्य वाटतो, कारण तो दगड आता स्वतःच एक ऐतिहासिक कागद झाला आहे. तो खोडून टाकला तर त्या पिढीने काय सांगायचे ठरवले होते, हेही पुसले जाते.

१७. दफनभूमी खासगी रँचच्या आत आहे आणि फाटकाला कुलूप आहे. आत जाता येईल का?

दफनभूमीच्या बाबतीत टेक्सासचा कायदा अपवाद करतो. जिथे जायला सार्वजनिक रस्ता नाही अशा दफनभूमीला भेट देण्यासाठी शेजारच्या जमिनीवरून वाजवी मार्गाने ये-जा करण्याचा हक्क कायद्यात आहे आणि तो केवळ वारसांपुरता नाही. मात्र कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळेत यायचे, हे जमीनमालक ठरवू शकतो. म्हणून आधी गाठभेट किंवा पत्र, मग फाटक. कुंपणावरून उडी मारणे हा या हक्काचा भाग नाही, आणि घरे, जुने किल्ले किंवा गुहा यांना तो मुळीच लागू नाही.

‘ऐतिहासिक टेक्सास दफनभूमी’ ही वेगळी नोंद १९९८ पासून आहे. ती काउंटीच्या जमीन-दफ्तरात चढते, त्यामुळे जमीन विकली गेली तरी पुढच्या मालकाला तिथे दफनभूमी असल्याचे कळते. दफनभूमीचा फलक हवा असेल तर आधी ही नोंद करावी लागते. दगडांवर खडू किंवा पीठ चोळून अक्षरे वाचायचा प्रयत्न करू नये. तिरपा प्रकाश पाडून फोटो काढावा, चुनखडी फार मऊ असते.

१८. टेक्सासमधल्या भारतीयांच्या इतिहासावर असा फलक लागू शकेल का?

नियमांत आडकाठी काहीच नाही. अर्जदार कोणत्या वंशाचा आहे किंवा किती पिढ्या इथे राहिला आहे, असा निकष नाही. आतापर्यंत दुर्लक्षित राहिलेल्या विषयांसाठी कमिशनची खास योजनाही आहे. तिच्यात निवडलेल्या विषयांच्या फलकाचा खर्च प्रश्न ६ मधील अर्ज-शुल्कातून जमलेल्या निधीतून होतो. प्रश्न आहे तो वयाचा. १९६५ च्या कायद्यानंतर आलेल्या लोकांच्या पहिल्या संस्था, मंदिरे आणि वसाहती आता कुठे पन्नाशीच्या आसपास पोहोचत आहेत.

गिलेस्पी काउंटीत असा विषय नजरेत नाही. तो ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनच्या काउंट्यांमध्ये सापडण्याची शक्यता जास्त आहे, आणि अर्जही त्याच काउंटीच्या समितीकडे करावा लागेल. आठवणी सांगणारे लोक आज आहेत, पण टिपणाला कागद लागतो. संस्थेचे नोंदणीपत्र, जागेचे खरेदीखत, पहिल्या गणेशोत्सवाची पत्रिका, जमाखर्चाच्या वह्या, तारीख आणि नावे मागे लिहिलेले फोटो, असे साहित्य एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संग्रहात आताच जमा करून त्याची पोच घ्यावी. पुढे तळटीपेत त्या संग्रहाचा दाखला देता येतो. गॅरेजमधल्या खोक्याचा दाखला समिती स्वीकारत नाही.